शकूचे शेर, बाईंचे किलो

चाळकरी मंडळी, जिन्याखालच्या फळ्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची सूचना आहे. तिला धक्का न लावता खाली लिहितोय.

शेजारच्या भाऊसाहेबांनी हरताळात शाळा बंद असताना तिसरीतल्या आपल्या लेकीकडून, शकूकडून, चौथीचं गणित घोटून घेतलं. चौथी गाळून पोरीला थेट पाचवीत बसवायचं होतं. पुस्तक अर्थात वरच्या मजल्यावरच्या मुलाचं, जुनं.

आज शाळेत तिची परीक्षा होती. भाऊसाहेबांना धीर द्यायला मी सोबत. मोठ्या बाईंनी गणित घातलं ते किलो-ग्रॅमचं. शकूला पाठ होते मण, शेर आणि छटाक!

"बाई, हे आमच्या पुस्तकात नाही!" भाऊसाहेब दारातूनच ओरडले.

"मग पुस्तकालाच बसवू का पाचवीत? मापं बदलली, भाऊसाहेब."

शकूने शांतपणे विचारलं, "बाई, एका किलोत ग्रॅम किती?"

"हजार."

"एवढंच? हे तर शेरापेक्षा सोपं आहे!" आणि तिने गणित सोडवलं. बाईंनी हसत तिचं नाव पाचवीत घातलं.

भाऊसाहेब आता सहावीचं पुस्तक शोधत फिरताहेत. पुढचं शिकवायला माझी ना नाही. पण न लाजता विचारायचं, हे कुठल्या यत्तेत शिकवतात, कुणाला ठाऊक आहे का?