जोडणीच्या टेबलावरच्या आम्ही दोघी

सोलर पॅनेलच्या कारखान्यात मी सहा वर्षं जोडणीच्या टेबलावर होते. उन्हातून वीज करणाऱ्या, पापडापेक्षा पातळ चकत्या एकीला एक कथलाचा डाख लावून जोडायच्या, हे आमचं काम. माझ्या समोर वळसंग गावची एक नवी सून बसायची. मला अक्का म्हणायची. सुरुवातीला तिच्या हातून रोज चकत्या फुटत आणि तिचे डोळे भरून येत. मी तिचं मनगट धरून शिकवलं, "दाबू नकोस. झोपलेल्या बाळाच्या कपाळावरचे केस सारतो ना, तेवढाच हात लाव."

पुढे बाहेरची स्वस्त पॅनेलं आली आणि आमचा माल गोदामात पडून राहू लागला. एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर सुपरवायझर म्हणाले, "उद्यापासून कारखाना बंद." त्यांचीही नोकरी गेली होती. आमच्या टेबलावर चकत्यांची एक ओळ अर्धी होती. तिनं विचारलं, "सर, एवढी पुरी करू का?" त्यांनी होकारार्थी मान हलवली. ती ओळ आम्ही सावकाश पुरी केली. कंपनीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

मी शहरात भवानी पेठेत शाळेचे गणवेश शिवू लागले, ती शेळ्यांमागे जाऊ लागली. तीन-चार महिन्यांनी तिचा फोन आला.

"अक्का, आमच्या हिरीवरचं पॅनेल बंद पडलंय. दुरुस्तीवाला येईना. एकटीला धाडस होत न्हाय. तुमी येता का?"

रविवारी गेले. पॅनेलच्या पाठीमागच्या डबीतला जोड जळाला होता. उन्हात पॅनेलमध्ये वीज खेळतच राहते, म्हणून ते आधी झाकायचं होतं. तिच्या सासऱ्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून दिली. ती कारखान्यात लागली तेव्हा हेच सासरे महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. घरातून विजेची वायर ओढून डाख तिनंच लावला, मी नुसती तार धरली. घोंगडी काढली, मोटार सुरू झाली, पाणी आलं.

सासरे तिच्याऐवजी माझ्याकडे बघत म्हणाले, "कामाला जाऊ दिलं ते बरं झालं की."

ती पाठमोरी होऊन बराच वेळ हात धूत राहिली.

आता जवळच्या वस्त्यांवरून पॅनेल दुरुस्तीला अधूनमधून बोलावणं येतं. त्यावर घर चालत नाही. गणवेश आणि शेळ्या सुटलेल्या नाहीत. पण रविवारी मी सकाळची एसटी धरते, आणि ती फाट्यावर उभी असते.