नाथाजी आबांच्या पाठीवरचा जोडीदार

रहिमतपूरजवळच्या वस्तीवर नाथाजी आबांचं घर अजून पलटणीच्या शिस्तीत चालतं. सकाळी त्यांची शिट्टी वाजली की सून चहा ठेवते, कुत्रं अंग झटकून उभं राहतं आणि म्हातारी चंद्राबाई कूस बदलून पुन्हा झोपते. आबा पायदळातले. एकाहत्तरच्या लढाईत मांडीत गोळी खाल्ली, पुढं पेन्शनीत आल्यावर कुपवाडच्या एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झाले. तिथं खुद्द मालकाची गाडीसुद्धा त्यांनी डिकी उघडून बघितल्याशिवाय कधी आत सोडली नाही. आता फक्त ऊस आणि मिशा सांभाळतात.

पण आबांची खरी मिळकत म्हणजे त्यांची गोष्ट. जखमी जोडीदाराला, वडूजकडच्या भाऊसो धनगराला, पाठीवर घेऊन त्यांनी नाला ओलांडला, तोही स्वतःच्या मांडीत गोळी असताना! दरवर्षी सांगता सांगता नाला रुंद होत गेला आणि आता त्याची नदी झाली होती.

उद्या शाळेत आबांचा सत्कार होता आणि ही गोष्ट नात क्रांती सांगणार होती. पोरगी भलती चिकट. मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत विचारत विचारत तिनं भाऊसोंचा पत्ता काढला आणि आज त्यांनाच जेवायला घेऊन आली. वडूज काही लांब नाही, पण इतक्या वर्षांत आबा वडूजच्या एसटीत चढले नव्हते, ते उगीच नाही. त्या दिवशी उचललं होतं भाऊसोनं आणि पाठीवर होते आबा. आता नातीसमोर सगळी अब्रू जाणार होती.

“भाऊसो आजोबा, आमच्या आबांनी तुम्हाला कसं उचललं हो?” क्रांतीनं विचारलंच.

भाऊसोंचा घास हातातच राहिला. त्यांनी आबांकडं बघितलं. आबा म्हशीकडं बघत होते.

“लय झ्याक उचललं, पोरी,” भाऊसो रस्सा भुरकत म्हणाले. “एका हातात मी, दुसऱ्या हातात दोन बंदुका. वर गाणं म्हनत व्हता.”

आबांना ठसका लागला.

जेवणं झाल्यावर क्रांतीनं मोबाईल काढला. “आता तसंच उभं राहा. फोटो काढते.”

नाही म्हणायला तोंड नव्हतं. आबा वाकले, भाऊसोंचा हात खांद्यावर घेतला आणि कमरेत अशी चमक भरली की तसेच कमानीसारखे अडकले. ना वर, ना खाली. भाऊसोंनी क्षणभरही विचार केला नाही. लंगडं मेंढरू घ्यावं तसं आबांना मानेवर आडवं टाकलं, हातपाय छातीशी गोळा केले आणि बाजेकडं निघाले.

“भावश्या, टाकू नगं रं मला!” आबा ओरडले.

चंद्राबाई दारातून पुढं आली.

“आगं बया! ह्येच रातच्याला झोपंत वरडत्यात. मला वाटायचं भावश्या कुनाचा तरी बैल आसंल.”

भाऊसोंनी आबांना अलगद बाजेवर ठेवलं. आबांना नातीकडं बघवेना.

चंद्राबाई भाऊसोंच्या पाया पडायला वाकली. “माझं कुंकू तुमी पाठीवर आनलंसा, आन् ह्या मानसानं तुमाला कवा घरी च्याला बी बोलावलं न्हाई!”

“जाऊ दे वैनी,” भाऊसो ओशाळून म्हणाले. “तवा लय हलका व्हता. आता तुमी खाऊ घालून जड केलाय.”

आबा हसले, पण डोळ्यांतलं पाणी थांबेना. त्यांनी भाऊसोंचा हात धरला, तो सोडलाच नाही.

“काढलास का गं फोटू?” त्यांनी विचारलं.

“काढला, आबा. पण तुम्ही भाऊसो आजोबांच्या पाठीवर आहात.”

“मग उद्या साळंत त्योच दाव,” आबा म्हणाले. “आन् नाला गुडघाभर व्हता म्हनून सांग.”