उघड्या दाराचा सेन्सर

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कधी कोंडून ठेवायचं नाही एवढं एकच मी ठरवलं होतं. बाकी सगळं हातातून निसटतच चाललं होतं. जन्मभर भोकरदनच्या पुढच्या धावडा गावच्या शाळेत शिकवलेला हा माणूस आता जालन्यातल्या आमच्या घरात सकाळ झाली की शर्ट चढवायचा आणि ‘शाळेला उशीर होऊन राह्यला’ म्हणत अनवाणीच बाहेर पडायचा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की हे विसरणं वाढतच जाणार, कमी होणार नाही. बायको म्हणाली, “अहो, दाराला आतून कुलूप घालू.” मी तिच्यावर खेकसलो. ज्याने गावाला बाराखडी शिकवली त्याला ढोरासारखं अडकवायचं? मी जिवंत असेपर्यंत नाही, म्हणालो. मोठं बोलायला काय जातं.

मी वडीगोद्रीला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. प्रयोगांसाठी हौसेने घेतलेला तळहाताएवढा कॉम्प्युटर घरी कपाटात पडून होता. त्याला दाराचा सेन्सर जोडायचा आणि दार उघडलं किंवा लागलं की माझ्या न् बायकोच्या फोनवर मेसेज यायचा, असा माझा बेत. सेन्सर म्हणजे दोन पिटुकल्या डब्या. वायरवाली चौकटीवर, चुंबकवाली दारावर. चुंबक जवळ असलं तर दार लागलेलं, लांब गेलं तर उघडं. इंटरनेटवरच्या सगळ्या चित्रांत दार लाकडाचं होतं. जालन्यात गल्लोगल्ली लोखंड, आमचं दारही लोखंडी. चुंबकाचा सगळा जोर दारातच जिरायचा आणि कॉम्प्युटर लावलेल्या दाराला उघडं उघडं म्हणून बोंबलायचा. मध्ये लाकडाची पट्टी घातली तेव्हा कुठे तो ताळ्यावर आला. मला इतका आनंद झाला की मी दादांनाच बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, “बराबर हाय” म्हणाले आणि वही तपासल्यासारखी त्या डबीवर बोटाने बरोबरची खूण केली.

मग ध्यानात आलं की आमचं दार दिवसा लागतच नाही. गल्लीत कोणाचंच लागत नाही. सकाळी उघडलेलं दार माणसं निजायला गेली की लागतं. भरदिवसा दार लावलेलं दिसलं तर लोक विचारतात, कोण आजारी आहे, नाहीतर कोणाशी वाजलं. जे दार उघडंच आहे ते उघडल्याची खबर कॉम्प्युटर काय देणार, कपाळ! मी बायकोला सांगितलं, आजपासून दार लावून घेत जा. ती म्हणाली, “लोकं काय म्हणतील?” लोक गेले खड्ड्यात, मी म्हणालो.

लोक खड्ड्यात गेले नाहीत, फक्त यायचे थांबले. शेजारणी ओसरीवर टेकायच्या, त्या दारावरूनच पुढे जाऊ लागल्या. समोर किराणा दुकान आहे. ते चालवणाऱ्या सेठचं घराणं राजस्थानातून आलेलं, पण इतक्या पिढ्या इथे गेल्यात की त्यांची बोली आमच्यापेक्षा पक्की. दादा बाहेर पडले की हे सेठ गल्ल्यावरून हाक मारायचे, “गुरुजी, जरा पेपर वाचून दाखवा.” दादा बाकावर बसायचे, मोठ्याने वाचायचे आणि शाळा विसरून घरी यायचे. हे मला नंतर कळलं, जेव्हा कळून उपयोग नव्हता.

उन्हाळा होता. मी परीक्षेच्या हॉलमध्ये उभा होतो. फोनवर आलं, दार उघडलं. मी वऱ्हांड्यात जाईपर्यंत दुसरं आलं, दार लागलं. जीव भांड्यात पडला. बायको बाहेरून आत आली असणार, म्हटलं, आणि परत हॉलमध्ये गेलो. बायको तेव्हा गच्चीवर कुरडया वाळत घालत होती, तिचा फोन खाली ओट्यावर. दादांनी बाहेर पडल्यावर दार नीट ओढून घेतलं होतं. शेवटी निघणाऱ्याने वर्गाचं दार ओढून घ्यायचं, ही त्यांची नोकरीभराची शिस्त. सगळं गेलं होतं, नेमकी ही तेवढी शिल्लक होती. आणि आत येणारा कोण, बाहेर जाणारा कोण, हे माझ्या त्या चुंबकाला कुठलं कळायला.

बायको खाली आली, दादा घरात नाहीत म्हणून तिने फोन केला, तसा मी धावत आलो. सेठकडे गेलो तर ते बिचारे रडकुंडीला आले. “पह्यले दार उघडं असायचं तं नजर जायची, सर. आता तुम्ही दार लावायले लागले. मंग मी म्हणलं, आता मशीन बघून राह्यली.”

दिवस कलता कलता दादा भोकरदन रोडवर एका बंद टपरीच्या सावलीला सापडले. डांबरावरून चालून तळपायांची सालटी निघाली होती. माझ्याकडे बघून ते अदबीने म्हणाले, “तुमची बी बस गेल्ती का? माझी बी गेल्ती.” पोटच्या पोराला तुम्ही म्हणाले. मी त्यांना उचललं तेव्हा फार हलके लागले.

पायाच्या जखमा भरायला बरेच दिवस लागले. ते पुन्हा चालायला लागले त्याच दिवशी मी बाजारातून कुलूप आणलं. बायकोने ते पिशवीतून काढून दाराच्या आतल्या कडीला लावून पाहिलं. ‘मी तेव्हाच म्हणाले होते’ म्हणाली असती तर निदान भांडता आलं असतं.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर कडी वाजली. जाऊन बघतो तो दादा दाराशी उभे. आतल्या बाजूने. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, केसांना पाण्याचा हात फिरवलेला. पाहुण्याने वाजवावी तशी हळूच कडी वाजवत होते. मी विचारलं, “दादा, काय पाह्यजे?” त्यांनी मला हातानेच थांब म्हटलं आणि दाराला तोंड लावून विचारलं, “घरात कोणी हाय का? जरा दार उघडा, लई लांबून आलो.”

बाहेर गल्ली सुनसान होती. ते पुष्कळ वेळ ऐकत उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “घरचे कुठं तरी गेलेत वाटतं. येतीन. बसा तुम्ही बी.” आणि फरशीवर थोडे सरकून बसले, माझ्यासाठी जागा करून. किल्ली माझ्या खिशात होती. मी बसलो.