उपरण्याखालचा भाव

अमरावतीच्या बाजारातल्या त्या दलालाचं नाव मी कधी विचारलं नाही. कापसाचे भाव भडकले होते, आणि तो सौदा ठरवी उपरण्याखाली, समोरच्याची बोटं दाबून. तोंडातून अवाक्षर नाही. तारेच्या खांबाखालून जाताना तर तोंडावर हातच ठेवी. मी तारबाबू, म्हणून मला बजावी, "बाबू, तार आयकून राहिली."

एकदा मुंबईच्या व्यापाऱ्याला भाव कळवायला तो कचेरीत आला. मजकूर विचारताच त्यानं माझ्या हातावर उपरणं टाकलं आणि बोटं दाबू लागला. मला काही उमजेना.

"अहो, तोंडानं सांगा! तारेला कान नसतात. तिच्यातून नुसती कटकट जाते."

"मंग मुंबईवाल्याले कसं समजते?"

"तिथं माझ्यासारखाच बाबू बसतो. तो कटकट ऐकून सगळं लिहून घेतो."

त्यानं उपरणं हळूच ओढून घेतलं. "म्हंजे तार नाही आयकत. तुमी आयकता."

तो तार न करताच गेला.

त्यानंतर खांबाखालून तो मोकळ्या गळ्यानं बोलत जाई. मी दिसलो की मात्र तोंडावर हात ठेवी.