शेजारचं घोरणं

मालिश सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नसतील, तोच शेजारच्या पलंगावरून धाकट्या बहिणीचं घोरणं ऐकू आलं. मुंबईत परवडेल आणि वर स्पाही असेल असं हॉटेल शोधण्यात मी तीन आठवडे घालवले होते. ती नुसती बॅग उचलून आली होती. माझं सगळं लक्ष लॉकरच्या किल्लीत आणि परतीच्या बसमध्ये. लहानपणीही अंथरुणं मी घालायची आणि ही पडल्या पडल्या झोपायची. हॉटेल शोधलं की सापडतं. असं निर्धास्त पडणं कुठे शोधायचं? त्या घोरण्यावर मी मनातून जळत होते.

"ताई, खांदे सैल सोडा ना," मालिश करणारी बाई तिसऱ्यांदा म्हणाली.

मला वाटत होतं, मी ते केव्हाच सोडलेत.