अठरा घरांचं मीठ

त्या वर्षी मे महिन्यात आमची कंपनी भामरागडकडे नदीकाठच्या पोस्टवर आली. नक्षल्यांना माल पोचू नये म्हणून ऑर्डर होती: पलीकडे जाणाऱ्या माणसाला दोन लिटर रॉकेल, पाच किलो मीठ, टॉर्चचे दोन सेल. त्याहून जास्त दिसलं की जप्त. मी हवालदार. नाका माझ्याकडे.

एका सकाळी सोमाजी नावाचा ढिवर नावाडी आपला डोंगा, म्हणजे लाकडी होडी, भरून पलीकडे निघाला. मिठाची पोती, रॉकेलच्या अठरा बाटल्या. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात वेगळी चिंधी. मला वाटलं, सापडला लेकाचा!

"साहेब, हे अठरा घरचं हाये," तो म्हणाला. "पाऊस लागला का वाट बंद. ज्याची चिंधी त्याची बाटली."

तेंदूपत्त्याची मजुरी घरोघरी बाजूला ठेवायची आणि पावसाळ्याआधी एकानं सगळ्यांचं आणायचं, ही तिथली रीत. आमचा सिंदेवाहीचा शिपाई रामटेके हेच सांगत होता. मी त्याला गप्प केलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय! माल जप्त केला आणि सुनावलं, आता ज्याचं त्यानं स्वतः येऊन बाजारातून नवं विकत न्यावं.

पुन्हा पैसे उभे करण्यात त्यांचे दिवस गेले. कुणी कोंबड्या विकल्या, कुणी सुकवलेले मासे. मग एकेक घर येऊ लागलं. सोमाजी सगळ्यांना ने-आण करायचा. स्वतःचं घर त्यानं शेवटी ठेवलं.

जून अर्धा सरला होता. दुपारी तीनला त्याची बायको पार्बताबाई बाजारातून नाक्यावर आली. सोमाजी डोंग्यात थांबला होता.

"पानी वाढून राह्यलं, साहेब. लवकर सोडा मले."

मी मीठ तोलायला लावलं. अर्धा किलो जास्त भरलं. ते काढून घेतलं, रजिस्टरला अंगठा घेतला. ३.४० ला सोडलं.

३.५० ला वायरलेस वाजला. "वरून पूर येतोय. नावा थांबवा. ओव्हर."

मी काठाकडे धावलो. डोंगा मधोमध होता. बघता बघता उलटला. सोमाजी पलीकडच्या झाडाला अडकून वाचला. पार्बताबाई तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडली.

पुढच्या वर्षी रामटेके भूसुरुंगात गेला. त्याची माफी मागायची राहूनच गेली.

दर वर्षी आम्ही निवृत्त लोक शहीद स्मारकापाशी जमतो. नावं वाचतात, आम्ही सॅल्यूट देतो. यादी संपली तरी माझा हात लगेच खाली येत नाही. यंदा शेजारच्यानं विचारलं, "आता कोण राहिलं?"

"पार्बताबाई."

"कुठल्या कंपनीची?"

"आपल्यातली नव्हती," मी म्हणालो. "तिला मी थांबवून ठेवलं होतं."