निर्माल्यात उगवलेली झाडे

नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण अंगावर वर्दी नसताना, परक्या मुलखात हाताशी आलेले एक प्रकरण मात्र जसेच्या तसे आठवते. त्यातल्या कुणाचेही नाव मी इथे देणार नाही.

महाराष्ट्र पोलिसांत अमली पदार्थांच्या शाखेत माझी बरीच वर्षे गेली. निवृत्तीनंतर मी मुलीकडे अमिरातीतल्या रास अल खैमाला राहायला गेलो. शेजारच्या व्हिलात पुण्याचे एक कुटुंब होते. नवरा सिमेंट कारखान्यात इंजिनियर, बायको घर आणि बाग सांभाळणारी, एक शाळकरी मुलगी, आणि देशातून आलेली त्याची म्हातारी आई. एका सकाळी ती सूनबाई मोबाईल घेऊन फाटकाशी आली.

"काका, तुम्ही शेतकरी घरातले ना? प्लीज बघा ना हे. नीम ऑइल मारलं, साबणाचं पाणी मारलं, तरी कॅटरपिलर्स जात नाहीत. सगळे शेंडे पोखरलेत. झेंडू आहे हा, पण फुलतच नाहीये."

फोटोत हिरवी अळी स्पष्ट दिसत होती. अळीखालचे पानही दिसत होते. बोटे पसरल्यासारखे, कडेला करवतीचे दाते असलेले ते पान मी हजारदा पंचनाम्यात लिहिले आहे. तो गांजा होता.

"हा फोटो कुणाला पाठवलास?" मी विचारले.

"अजून नाही. गार्डनिंगच्या ग्रुपवर टाकणार होते."

"टाकू नकोस. नवऱ्याला घरी बोलाव."

या देशात अशा एका रोपासाठी माणूस तुरुंगात जाऊ शकतो, हे तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तिला सांगितले तेव्हा ती फाटकाचा गज धरून खालीच बसली.

चौकशीचा माझा एक शिरस्ता होता. सगळ्यांना एकत्र बसवून कधी विचारायचे नाही. एकत्र बसले की पहिला जे बोलतो तेच सगळ्यांचे उत्तर होते. सुनेला मी स्वयंपाकघरात विचारले, नवऱ्याला गाडीपाशी. दोघांनी बोट दाखवले ते माळ्याकडे. माळी पेशावरकडचा, पन्नाशीचा, गल्लीतल्या सगळ्या बागा तोच बघायचा.

"काका, दुसरं कोण लावणार?" नवरा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि नजर सारखी रस्त्याकडे जात होती. "हे लोक करतात असले धंदे."

माळ्याला विचारले तर तो म्हणाला, "साब, मॅडम बोली पानी डालो, हम डाला. ये बूटा, ये पौधा हमने नहीं लगाया, कसम से."

जबाबांतून काही निघेना, म्हणून मी जागा पाहायला गेलो. आमच्या धंद्यात माणूस फिरवाफिरवी करतो, जागा सहसा करत नाही. गांजा लावणारा तो आडोशाला लावतो, अंतर सोडून लावतो आणि कुणाला फोटो दाखवत नाही. इथे रोपे भिंतीच्या कोपऱ्यात दाटीवाटीने, खऱ्या झेंडूत मिसळून आली होती. म्हणजे ती कुणी लावलेली नव्हती. त्यांचे बी झेंडूबरोबर तिथे टाकले गेले होते. मी हात न लावता वाकून पाहिले. मातीत बेलाचे वाळलेले पान होते आणि पूजेच्या लाल-पिवळ्या नाड्याचा तुकडा.

नवऱ्याची आई, म्हणजे आजी, देवघरात वाती वळत होत्या.

"आजी, निर्माल्य कुठं टाकता तुम्ही?"

"कचऱ्याच्या डब्यात कसं टाकू? नदी नाही इथं, आणि खाडीत टाकलं तर दंड करतात म्हणे. म्हणून बागेत, त्या कोपऱ्यात."

"श्रावणात शंकराला काय वाहिलंत?"

"काशीहून पुडी आणली होती ना. बेल, भांग, धोत्रा, सगळं वाळवून एकात. दुकानदार म्हणाला, देवाची आहे, बिनधास्त न्या."

भांग म्हणजे गांजाचेच झाड, आणि त्या वाळक्या भांगेत बी होते. विमानतळावरून ती पुडी कशी सुटली देव जाणे. दारात उभ्या सुनेने तोंडावर हात दाबून धरला.

उलगडा झाला म्हणून सुटका झाली असे मात्र नव्हते. खरी भीती आता सुरू झाली. नवरा म्हणाला, "काका, सिंपल आहे. उपटून पिशवीत भरतो, माळ्याला देतो, तो कुठंतरी फेकेल. यल्ला, खलास, विषय संपला."

"आणि रस्त्यात त्याची पिशवी कुणी उघडली तर? त्यापेक्षा पोलिसांना कळव."

तो एकदम फुटला. "माझी नोकरी जाईल. व्हिसा जाईल. मुलीची शाळा आहे इथं. आपण पोलिसांना कळवलं तर ते सोडतील, असं तुम्ही लिहून देता?"

मी देऊ शकत नव्हतो. तिथला कायदा माझा नव्हता, तिथले ठाणे माझे नव्हते. कळवावे एवढेच मी सांगू शकलो.

तेव्हा आजी पदर सावरत बाहेर आल्या. "पुडी मी आणली. टाकली मीच. फोन लाव, मी सांगते."

"आई, तू मध्ये बोलू नकोस!"

"त्या माळ्याला आई नसेल का रे?" त्या म्हणाल्या.

नवऱ्याने कंपनीच्या वकिलाला फोन केला आणि मग पोलिसांना. पोलीस आले. त्यांच्या अधिकाऱ्याला हिंदी येत होती. त्यानेही सगळ्यांना वेगवेगळे बसवून विचारले. आजींनी त्याला मोडक्या हिंदीत सगळे सांगितले, रिकामी पुडीही देवघरातून काढून दिली. त्याने रोपे सील केली आणि आजींना, सोबत सुनेला, गाडीत बसवून ठाण्यावर नेले. मी त्यांच्या व्हिलाच्या पायरीवर बसून राहिलो. ठाण्याबाहेर बसणाऱ्या नातेवाइकांचा जीव कसा टांगणीला लागतो, ते मला त्या दिवशी पुरते कळले. माळ्याचे काम केव्हाच संपले होते, तरी तो माझ्या शेजारी बसून होता.

संध्याकाळी दोघी परत आल्या. पासपोर्ट मात्र जमा होते. पुढचे कित्येक आठवडे त्या घरात दाराची बेल वाजली की सगळे दचकायचे. शेवटी चौकशी पूर्ण झाली, समज दिली गेली आणि पासपोर्ट परत मिळाले. त्या दिवशी नवऱ्याने माळ्याला घरात बोलावून जेवायला बसवले. माफी त्याला नीट मागता आली नाही, पण वाढत तोच होता.

नोकरीत मी असंख्य जबाब घेतले. भ्यालेला माणूस आधी दुसऱ्याचे नाव सांगतो, आणि शक्यतो आपल्याहून दुबळ्याचे. यात मला कधी नवल वाटले नाही. कुणी न विचारता, भ्यालेली असतानाही स्वतःचे नाव सांगणारी व्यक्ती मला त्या घरात भेटली, तीही वर्दी उतरवल्यावर. मी नंतर आजींना विचारले, "भीती नाही वाटली?"

"वाटली की," त्या म्हणाल्या. "पण गप्प बसले असते आणि त्याला नेलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पूजेला कुठल्या तोंडानं बसले असते?"